नणंदेचे जंतू

"कॅन्सर नाहीये." कांचन मॅडमनी सुरुवातच अशी केली. माझ्या शेजारी बसलेल्या दिलीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा त्यांनी बरोबर वाचला होता. "पण साधे जुलाबपण नाहीत हे. रिपोर्टमध्ये सी-डिफ आलाय. पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. भाभी, हे नाव पाठ करा. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, साध्या सर्दीसाठी जरी गेलात, तरी आधी हे सांगायचं."

उल्हासनगरच्या बाजारातल्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. पंख्याखाली बसूनही मला घाम फुटला होता.

"डिफिसिल म्हणजे?" दिलीपने विचारलं.

"कठीण. पूर्वी लॅबमध्ये हा जंतू वाढवायला फार कठीण जायचा, म्हणून ते नाव पडलं."

दिलीप माझ्याकडे बघून म्हणाला, "आमच्याकडे तर मस्त वाढतोय."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे. हे सगळं लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच, की तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे नाव आलं तर तुम्हाला आधी थोडं माहीत असावं. आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. दिलीप अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आहे. मी शाळेची व्हॅन चालवते. आमच्या बाजूची मुलं गोळा करून अंबरनाथच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. माझं माहेर जुन्नरकडचं, सासर इथलं आगरी. लग्न होऊन आले तेव्हा सायकलसुद्धा येत नव्हती. आता मागच्या सीटवर कितीही भांडणं झाली तरी मी नजर रस्त्यावरून हलवत नाही.

दुखण्याची सुरुवात दाढेपासून झाली. दाढेत पू झाला, गाल सुजला, तोंड उघडेना. दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारं औषध. तो पू पसरला असता तर जिवावर बेतलं असतं, त्यामुळे गोळ्या हव्याच होत्या. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सूज उतरली, दाढ काढली, मी पुन्हा व्हॅनवर.

मग जुलाब सुरू झाले.

आधी वाटलं, बाहेरचं काही खाण्यात आलं असेल. ताक, मेथीचे दाणे, सुंठ, सगळं झालं. मेडिकलवाल्याने जुलाब थांबवायची गोळी दिली, ती घेतली. नंतर कळलं की या आजारात ती गोळी घ्यायचीच नसते. जुलाबावाटे विष बाहेर पडत असतं आणि गोळी ते आत कोंडते. हे मात्र नक्की लक्षात ठेवा. अँटिबायोटिकनंतर पातळ जुलाब लागले आणि दोन-तीन दिवसांत थांबले नाहीत, तर मेडिकलवर विचारू नका. डॉक्टरकडे जा आणि "मी अमुक गोळ्या घेतल्या होत्या" हे आपणहून सांगा.

पोटात मुरडा यायचा तो असा, की मी मोरी आणि पलंग यांच्या मधल्या भिंतीला धरून उभी राहायचे. ताप यायचा. आणि वास. लिहायला लाज वाटते, पण सांगते. नेहमीचा वास नव्हता तो. तबेल्यासारखा, फिनेलसारखा, काहीतरी विचित्र. एकदा माझ्यामागून दिलीप बाथरूममध्ये गेला, बाहेर आला आणि दारातच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मला वाटलं, मी ड्युटीवरच आहे."

मी चिडून पांघरूण तोंडावर घेतलं. तो बिचारा थट्टा करत नव्हता, ते पुढे कळलं.

व्हॅनची पाळी एका ओळखीच्या ताईंना दिली आणि आम्ही कांचन मॅडमकडे गेलो. त्यांनी शौचाची तपासणी सांगितली. एका भागात जंतू आहे का ते बघतात, दुसऱ्यात त्याचं टॉक्सिन, म्हणजे त्याने सोडलेलं विष आहे का ते. दोन्ही पॉझिटिव्ह आले.

"पण हा आला कुठून?" मी विचारलं.

"कुठूनही. कदाचित आधीपासून तुमच्या पोटात गुपचूप बसला असेल. पुष्कळ लोकांच्या असतो, काही करत नाही." मॅडमनी खिडकीकडे हात केला. खालून विक्रेत्यांचे आवाज येत होते. "ही गल्ली बघता ना? सगळी दुकानं उघडी असली की नव्या माणसाला पथारी टाकायला जागा मिळते का? कोणी टाकू देतं? आपल्या मोठ्या आतड्यात असेच शेकडो जातींचे जंतू आहेत. ते याचं खाणं आधीच खाऊन टाकतात. लिव्हरमधून जो पित्तरस येतो, तो बदलून असा करतात की याला तो सोसतच नाही. त्यांच्यापुढे याचं काही चालत नाही. तुमच्या दाढेच्या गोळीने दाढेतले जंतू मारले, आणि जाता जाता ही सगळी गल्ली बंद करून टाकली. हा मात्र मेला नाही. हा बीज करून बसतो. स्पोअर म्हणतात, कवचातलं बी. बाजार रिकामा दिसला, की बाहेर येतो."

"मग आता?"

"आता याला मारायला पुन्हा अँटिबायोटिकच."

विंचू चावला म्हणून पुन्हा विंचूच लावायचा, असं काहीतरी वाटलं मला.

औषधाचं नाव व्हॅन्कोमायसिन. एरवी ते शिरेतून देतात. या आजारात मात्र पोटातच काम करायला हवं, म्हणून इंजेक्शनच्या बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवून मला प्यायला दिली. कडू, घशात चिकटणारं पाणी. दिलीप आधी गूळ हातात घेऊन उभा राहायचा आणि मी प्याले की पटकन तोंडात कोंबायचा. डॉक्टरांनी गुळाचं काही सांगितलं नव्हतं. त्याचं तेच ठरलं होतं.

घरात नियम आले. माझं संडास वेगळं. आमच्या ब्लॉकमध्ये सुदैवाने दोन आहेत. मुलगी ऋतुजा पुण्याला नोकरीला, तिला महिनाभर येऊ नको म्हणून सांगितलं. मॅडमनी बजावलं होतं की बाटलीतल्या सॅनिटायझरने हे कवचातलं बी मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, भरपूर चोळून, आणि फरशी, नळ, कडी, सगळं ब्लीचने. दिलीप हातमोजे घालून संडास घासायचा. मी आतून ऐकायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला स्वतःचा चहाचा कप विसळताना मी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात जुलाब थांबले. मी भात खाल्ला, वरण खाल्लं. पुन्हा व्हॅनची किल्ली हातात घेतली. मुलांनी मागच्या सीटवरून एवढा आरडाओरडा केला की मी पहिल्यांदाच त्यांना गप्प केलं नाही.

औषध संपलं, आणि थोड्याच दिवसांत सगळं पहिल्यापासून.

याला रिकरन्स म्हणतात, आजार उलटणं. औषधाने जागे जंतू मरतात, कवचातले उरतात. आणि तेच औषध गल्लीतले उरलेसुरले दुकानदारही मारत असतं. म्हणजे शत्रू अर्धा मेला आणि आपली माणसं पुरती. दुसऱ्या खेपेला मॅडमनी तेच औषध लांबवून, हळूहळू कमी करत दिलं. त्याला टेपर म्हणतात. तेवढे आठवडे मी बरी होते. औषध बंद झालं, आणि पुन्हा उलटलं.

त्या तिसऱ्या वेळी मी मनाने खचले. वजन उतरून बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. रक्तातलं पोटॅशियम, म्हणजे स्नायूंना आणि हृदयाला लागणारा क्षार, इतकं घसरलं की पायात गोळे यायचे आणि छाती धडधडायची. मला उल्हासनगरच्याच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. वेगळ्या खोलीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने गाऊन आणि हातमोजे घालायचे. सिस्टर चांगल्या होत्या, पण प्रत्येक जण मला हात लावायच्या आधी रबर घालत होता, हे मनातून जात नव्हतं.

बेबी आली ती तिथे.

बेबी माझी नणंद. दिलीपची धाकटी बहीण. पंचेचाळिशीची आहे, मुलगा कॉलेजात जातो, पण बदलापूर पूर्वेचं सगळं कुळगाव तिला बेबीच म्हणतं. खरं नाव आधारकार्डावर आहे तेवढंच. नदीकडेला त्यांची थोडी जमीन आहे. त्यातली भाजी काढायची, पाटीत घालून बाजारात बसायचं आणि संपली की उठायचं. तिचा आवाज तिच्याआधी घरात येतो.

त्या दिवशी तिने सिस्टरकडून गाऊन घालून घेतला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "वयनी, कशी दिसतंय? आपरेशन करू का तुझा?"

मग माझ्या पलंगाशी बसली. माझा हात उचलला. हातमोज्यातूनही तिच्या तळव्याचा खरखरीतपणा कळत होता. हाताकडे बघत राहिली. बेबी गप्प बसली की आमच्या घरात सगळे घाबरतात.

रोज दुपारी बाजार उरकून ती यायची. तांदळाची पेज आणायची, मीठ घालून. मी दोन चमचे घेतले तरी म्हणायची, "बघ, आज जास्त घेतला." घेतलेलं नसायचं.

एका सकाळी कांचन मॅडम राउंडला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर राउंडवर बसले की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

"भाभी, पुन्हा तेच औषध देत राहण्यात अर्थ नाही. आतडं सुजलंय. अजून सुजलं, तर मोठं आतडं काढायची पाळी येऊ शकते. ती येऊ द्यायची नाही. दुसरा एक उपाय आहे, मुंबईत करतात. आपण जंतू मारत बसण्यापेक्षा त्याचे दुश्मन परत आणून बसवायचे."

"म्हणजे दही वगैरे?"

"दही खा, चांगलं आहे. पण दह्यातले जंतू पाहुणे असतात, दोन दिवस राहतात आणि जातात. आपल्याला राहणारे पाहिजेत. पूर्ण वस्ती." "फीकल मायक्रोबायोटा ट्रान्सप्लांट. निरोगी माणसाची विष्ठा घेतात, तपासतात, पाण्यात कालवून गाळतात, आणि कोलोनोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीच्या नळीने, तुमच्या मोठ्या आतड्यात सोडतात."

मला वाटलं माझं ऐकण्यात चुकतंय. दिलीपकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"हे खरं करतात?" मी विचारलं.

"खरं करतात. आणि तुमच्यासारख्या वारंवार उलटणाऱ्या केसमध्ये बहुतेकांना गुण येतो. गॅरंटी मी देणार नाही. पण माझी बहीण इथे झोपलेली असती तर मी हेच सांगितलं असतं. डोनर कोण आहे बघा. घरातला, पण शक्यतो त्याच घरात राहणारा नको."

दिलीप चालणार नव्हता. तो त्याच घरात, शिवाय त्याला शुगर. ऋतुजाचा घसा बसला म्हणून तिने नुकत्याच अँटिबायोटिक घेतल्या होत्या. माझा भाऊ आतड्याच्या अल्सरवर औषधं घेत होता. मागे उरली बेबी.

"तू विचार," मी दिलीपला म्हटलं.

"मी? बहिणीला हे कसं मागू? तू बाई आहेस, तू बोल."

"मी सलाईनवर आहे."

तो पाण्याची बाटली भरायला बाहेर गेला.

दुपारी बेबी आली. माझ्यासाठी मोसंबी सोलायला बसली. दिलीप खिडकीशी उभा होता. खाकरला. रुमाल काढून चष्मा पुसला. परत खाकरला.

"बेबी, तुझ्याशी एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"संध्याला... म्हणजे डॉक्टर म्हणतात, तिला एक वस्तू लागणार आहे. दुसऱ्या माणसाची. अंगातली. आपल्या घरात कुणाचीच चालत नाही. तुझी चालेल बहुतेक. पण जबरदस्ती नाही हं, तू विचार कर, घरी विचार..."

बेबीच्या हातातली मोसंबी थांबली. तिने फोड सालीवर ठेवली, हात पदराला पुसले.

"किडनी ना?" तिने विचारलं. "दे तं. त्यात घाबरतंस काय दादूस? कवा काढनार हायत ते सांग, तवर कोथिंबीर उपटून घेतंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती मला धीर द्यायला उठली. "रडू नको गं, दोन असतात ना."

"बेबी, किडनी नको," दिलीप म्हणाला.

"मंग लिवर? तो पन देतात ना थोडा?"

"लिव्हर नाही."

"अरं मग काय तं बोल ना एकदा!"

दिलीपने सांगितलं. काय शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. बेबी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिने पदर तोंडात धरला, पण उपयोग झाला नाही. ती इतकी हसली की खुर्चीवरून खाली फरशीवर बसली. सिस्टर धावत आल्या, पेशंटला काही झालं का म्हणून.

"सिस्टर, यांना माझी ती पायजे!" बेबी डोळे पुसत म्हणाली. "मी येवढी किडनीची तयारी केली!"

मलाही हसू आवरेना. पोटात कळ येत होती, तरी हसत होते. दिलीप खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता ते मी विचारलं नाही.

पोटॅशियम सावरल्यावर मला घरी सोडलं, आणि मुंबईच्या हॉस्पिटलात आधी बेबीची तपासणी झाली. रक्ताच्या चाचण्या, कावीळ, एचआयव्ही, शौचात कृमी किंवा औषधांना दाद न देणारे जंतू आहेत का, सगळं. तिथल्या सरांनी विचारलं, शेवटची अँटिबायोटिक कधी घेतली होती. बेबी म्हणाली, पोरगा झाला तेव्हा टाके पडले होते, तेव्हा काय दिलं असेल ते. पोरगा दाढी करतो आता.

त्याच भेटीत सरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट समजावली. हा जंतू नुसता मोकळी जागा बघून बसत नाही. बसला, की शेजाऱ्यांना हाकलायला स्वतः एक रसायन तयार करतो. आपल्या उपयोगाचे कितीतरी जंतू त्या रसायनात तग धरत नाहीत, हा मात्र धरतो. "पॅरा-क्रेसॉल म्हणतात त्याला," सर म्हणाले.

दिलीप खुर्चीत पुढे सरकला. "सर, क्रेसॉल? काळ्या फिनेलमध्ये असतं ते?"

"त्याच घराण्यातलं. तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याच लाइनमध्ये आहे. ह्याचा वास मला... म्हणजे घरी आला होता." तो माझ्याकडे वळला. "मी तुला चिडवत नव्हतो गं."

"बरोबर आला असेल," सर म्हणाले. "हा जंतू आपलं फिनेल आपणच बनवतो आणि दुसऱ्यांना मारतो."

दिलीपने बाहेर आल्यावर दोनदा विचारलं, "राग गेला ना?" मी म्हटलं, गेला. खरं तर मला कसंतरीच वाटत होतं. माझ्या पोटात एवढी मोठी लढाई चालू होती, आणि मी इतके महिने स्वतःला दोष देत होते की मी खाण्यात काय चुकले.

रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं होतं. मला मधल्या काळात कडू पाण्यावर ठेवलं होतं, म्हणजे आजार वर येऊ नये. तिकडे कुळगावात बेबीने स्वतःला सोन्याच्या अंड्यासारखं जपायला घेतलं. पाणी उकळून प्यायची. जावेच्या पुतणीची हळद होती, तिथे मटणाच्या पंगतीत बसली नाही. लोक विचारायचे, बरं नाही का? तर म्हणायची, "पोट सध्या माझा नाय, वयनीचा हाय." एक दिवस तिला खोकला झाला. बाजारातली शेजारीण पाकिटातली गोळी काढून देत होती. बेबी तिच्यावर एवढी ओरडली म्हणे, की दोन भाजीवाल्या मध्ये पडल्या.

खोकला आपोआप गेला. रिपोर्ट आले, सगळे चांगले. सर फोनवर बेबीला म्हणाले, "उत्तम डोनर आहात." तिने तो शब्द पाठ केला आणि सगळ्यांना सांगितला.

ठरलेल्या दिवशी आम्ही गाडी करून पहाटेच निघालो. आदल्या दिवसापासून मला पोट साफ करायचं औषध दिलं होतं, त्यामुळे मी अर्धमेली मागच्या सीटवर. बेबी पुढे, गजरा माळून.

डोनरने तिथेच, हॉस्पिटलमध्ये द्यायचं असतं, ताजं. बेबीला डबा देऊन एका बाथरूममध्ये पाठवलं. दिलीप काळजीने बाहेर उभा. एक टेक्निशियन मुलगी उभी. सिस्टरही येऊन विचारून गेल्या. बराच वेळ गेला. आतून आवाज आला, "दादूस, तू तिथं उभा हायस का?"

"हो. काही लागतंय का?"

"तू जा ना तिथून! सगली दारात उभी राह्यली तं येनार कशी?"

दिलीप जिना उतरून खाली गेला. तिने मागितला म्हणून चहा आणून दिला, कोरा. मग काम झालं. ती बाहेर आली तेव्हा टेक्निशियन मुलीने डबा दोन्ही हातांनी घेतला, आणि बेबी तिच्या मागे बघत म्हणाली, "नीट ने गं."

मला गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्याआधी बेबीला दोन मिनिटं आत सोडलं होतं. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे केले. काहीतरी बोलायचं होतं तिला. मग एवढंच म्हणाली, "माझे हायत ते. कामचुकार नाय निघनार."

जाग आली तेव्हा काही वेगळं वाटत नव्हतं. दुखलं नाही, वास नाही, काही नाही. त्या दिवसाबद्दल कुणी घाबरत असेल तर सांगते, खरा त्रास आदल्या दिवशीच्या औषधाचा. बाकी तुम्ही झोपलेल्या असता.

घरी आल्यावर पहिले दिवस मी श्वास रोखून काढले. पोट गुरगुरलं की मी आणि दिलीप एकमेकांकडे बघायचो. गुरगुर पुढे जायची आणि काही व्हायचं नाही. बेबीचा फोन यायचा, "माझी पोरं काय बोलतात?" मी म्हणायचे, गप्पा मारतायत. एक दिवस सकाळी, चारचौघांसारखं, अगदी नीट झालं. मी बाथरूममधूनच दिलीपला हाक मारली. तो धावत आला, दार वाजवत म्हणाला, "काय झालं, काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. तेच सांगायला बोलावलं."

त्याने ऋतुजाला फोन लावला, बेबीला लावला. अशी बातमी कुणी फोनवर देत असेल असं मला वाटलं नव्हतं.

वजन भरायला बराच काळ लागला. अशक्तपणा हळूहळू गेला. आधी नुसतं स्टेअरिंगवर बसून बघितलं, मग गल्लीतून एक फेरी, मग मुलं. दिलीपने संडास घासणं सोडलं नाही. मी सोड म्हटलं नाही.

आता अँटिबायोटिक या शब्दाला मी घाबरते, पण तिचा राग करत नाही. लागलीच तर घेईन, कांचन मॅडमना विचारून. नुसत्या सर्दीला, उरलेल्या पाकिटातली, शेजारणीने दिलेली, यातली एकही घेणार नाही. माझ्या पोटात कुणाची तरी वस्ती आहे आणि ती मला जपायची आहे. पूर्वी मला वाटायचं, जंतू म्हणजे घाण, सगळे मेलेले बरे. आता हात धुताना कधीकधी वाटतं, आपण एकटे नसतोच. आपल्या बाजूने लढणारे इतके जण आत असतात आणि त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं.

मागच्या महिन्यात कांचन मॅडमकडे तपासणीला गेले होते. बेबी बरोबर आली होती, मॅडमना द्यायला लाल माठाच्या जुड्या घेऊन. वेटिंगमध्ये आमच्या समोर अंबरनाथची एक मुलगी बसली होती, तिशीची असेल. सासूबाईंना घेऊन आली होती. सासूबाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेल्या. तो चेहरा मी ओळखला. आरशात बघितलेला होता.

बोलता बोलता तिने सांगितलं, चौथ्यांदा उलटलंय. मॅडमनी ट्रान्सप्लांटचं सुचवलंय. मी म्हटलं, माझं झालंय ते. तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी चंद्रावरून आले.

मी तिला सगळं सांगितलं. दुखत नाही, तपासणी कशी असते, आधी काय विचारतात. ती ऐकत होती. सासूबाईंनीही डोळे उघडले होते. शेवटी ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "काकू, डोनर आहेत. ह्यांचे मामा आहेत शहाडला, एकदम ठणठणीत. पण त्यांना हे मागायचं कसं? आमच्या घरात कुणाची हिंमतच होत नाहीये. महिना झाला, नुसते एकमेकांकडे बघतोय."

मी काही बोलणार, इतक्यात बेबीने भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"नंबर लाव मामांचा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मंग कवा? सासू किती सुकली बघ. लाव, मी बोलतंय."

मुलीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने नंबर लावून फोन पुढे केला. बेबीने तो कानाला लावला, पदर नीट केला, आणि सगळं वेटिंग ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "हॅलो, मामा का? तुमी मना वलखत नाय. मी कुलगावची बेबी. तुमच्या बहिनीच्या जिवाचा काम हाय. जेवलाव का? बरा झाला. आता बसून घ्या, आनी मी सांगतंय ते पुरता आयका, मंगच हसा."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. बेबी बोलत राहिली. त्या मुलीने तोंडावर हात धरला होता. थोड्या वेळाने भिंतीला टेकलेल्या सासूबाई हसायला लागल्या, आधी आवाज न करता, मग करून, आणि सुनेने त्यांचा हात धरला.